हात पोचेल अशी गाडी

आमच्या गल्लीतलं कुणी गाडी घ्यायला निघालं की दुकानात जातं, हार घालून घेतं आणि संध्याकाळी पेढे वाटतं. आम्ही मात्र धार, धामनोद, बागली असे फिरत गेलो आणि घेऊन आलो ती माझ्याहून वयानं मोठी मोटार. आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या बायका रोज विचारतात, कुठं गेला, काय खाल्लं, असली गाडी कशाला घेतली. एकेकीला सांगून घसा बसला. माझी शाळा दुसरीपर्यंत, म्हणून बोलते तसंच लिहिलंय.

कशाला घेतली ते आधी सांगते. देवासला आमच्या कारागिरांच्या गल्लीतून चंपाषष्ठीला खंडोबाची पालखी निघते. रस्ता लांबचा, म्हणून पालखी मोटारीवर. एक जुनी लांब नाकाची पिकप होती गल्लीत, ठेकेदारांची. तिच्या मागच्या हौद्यात देवाची लाकडी घडवंची ठेवायची, घडवंचीवर पालखी. हौदा असा बुटका की जमिनीवर उभं राहून बायकांचा हात देवापर्यंत जायचा. आपल्या हातानं भंडार वाहायचा, आपल्या हातानं कपाळाला लावायचा.

मी तिशीच्या आत विधवा झाले. तेव्हा हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे, बोलवावं असं मलाही वाटत नसे. पण भंडाराला सवाष्ण आणि विधवा असं काही नसतं. वर्षातून तेवढा एक दिवस माझं कपाळ पिवळं व्हायचं, आणि ते मी माझ्या हातानं करायची. शेजारची सखू, तिचंही तसंच. दोघींनी मिळून लोकांच्या गाद्या भरल्या, रजया शिवल्या, पोरं मोठी केली. आता ती कमरेतून वाकली आहे.

ठेकेदार गेले, पोरांनी गाडी भंगारात दिली. दोन वर्षं भाड्याची नवी पिकप आली. तिचा हौदा एवढा उंच की देव आमच्या डोक्यावरून निघून जायचा. वर बसलेले पोरगे भंडार खाली फेकायचे. डोळ्यात जायचा, कपाळाला नाही. कुणी म्हणालं, घडवंची कापून घ्या. देवाची घडवंची कोण कापणार? मग गल्लीनं वर्गणी काढली. जुनीच शोधू, बुटकी. माझ्या बहिणीचा मुलगा दिनू गाड्या दुरुस्त करतो, त्यानं शोधायचं कबूल केलं. आणि हाताचं माप घ्यायला एक म्हातारी पाहिजे, म्हणून मी.

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. दिनूच्या व्हॅनमधे मागं घडवंची, पुढं आम्ही दोघं.

धार

धार माझं माहेर. आईवडील कधीच गेले, आता भाऊही नाही, पण भावजय आहे आणि तिची जीभ आहे. दारात घडवंची बघून म्हणाली, "वन्सं, देव नाही आणला, नुसतं आसनच फिरवायला काढलंत?"

धारला आपल्या लोकांची पालखी अजून खांद्यावर निघते. रस्ते छोटे, खांदे पुष्कळ. आमच्या देवासच्या देवाला ती मोटारवाला देव म्हणते. मी म्हणलं, तुमचे खांदेकरी पण म्हातारे होऊ दे, मग बघू.

तिनं दाल-पानिये केले होते. पानांत गुंडाळून गोवरीवर भाजलेले मक्याचे गोळे, वरून तूप. आमच्याकडे देवासला बाफले होतात, गव्हाचे, ते पोटात दगडासारखे बसतात. पानिये हलके. दिनूनं इतके खाल्ले की भावजय म्हणाली, "गाडी घ्यायला आलाय की वजन वाढवायला?"

तिच्याकडूनच कळलं की धामनोदला हायवेवर एका ढाब्यासमोर लांब नाकाची जुनी गाडी उभी आहे. येताजाता लोक फोटो काढतात. तिच्या जावयानं पण काढला होता. दिनूनं फोटो मोठा करून पुष्कळ वेळ बघितला आणि नाक खरं आहे एवढंच म्हणाला.

धामनोद

माळव्यातून निमाडात उतरलं की घाट संपता संपता हवा बदलते. वर शाल लागत होती, खाली काढून ठेवली. वर काळ्या शेतात हरभरा बोटभर उगवलेला. खाली कपाशी फुटलेली आणि अंगणाअंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. रस्ताभर लाल.

हा घाट मला माहीत आहे. तरणी होते तेव्हा गाद्यांसाठी रुई घ्यायला धामनोदला यायची. देवासला रुई महाग, इथं स्वस्त. गाठोडी बांधायची आणि परतीच्या ट्रकवर माल समजून बसायचं, गाठोड्यांवर. थंडीत रुई ऊब देते, ते बरं होतं. एकदा पावसात सगळी भिजली तर घरी नेऊन छतावर महिनाभर वाळवली, त्या महिन्यात घरात दिवसाला दोन वेळा चूल पेटली नाही. झालं ते झालं. आता व्हॅनमधे बसून तोच घाट उतरताना दिनू विचारत होता, मावशी, पंखा लावू का.

ढाब्यासमोर गाडी होती. लाल रंग मारलेली, नाक खरंच लांब, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. मला आवडली. हात फिरवणार, तेवढ्यात दिनू खाली घुसला, त्याचे फक्त पाय बाहेर. बाहेर आला तो हसतच.

"मावशी, हे सोंग आहे. वरून आजोबा, खालून नातू."

म्हणजे नाक आणि दरवाजे जुन्या गाडीचे, खालचा सांगाडा आणि इंजिन आत्ताच्या छोट्या ट्रकचं. त्यानं मला दाखवलं पण. जुन्या गाडीला नंबर लोखंडावर ठोकलेला असतो, तो आणि कागदावरचा एक पाहिजे. इथं ठोकलेला नंबर घासून टाकलेला. हौदा पण उंच. घडवंची उतरवायची गरजच पडली नाही.

ढाबेवाला कबूल झाला, लाजला नाही. म्हणाला, "माताजी, ये तो फोटो के वास्ते है. इसको देखके गाडी रुकती है, फिर आदमी खाना खाता है." मी म्हणलं, मग आम्ही पण थांबलो, आता खायला घाल. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर दिली, वर कच्च्या मिरच्यांचा ठेचा. जीभ भाजली पण भाजी अशी की मी बाईला विचारून घेतलं, डाळ कधी टाकली. आम्ही ज्वारी करतो ती पण अशी पांढरी होत नाही.

पैसे देताना ढाबेवाल्यानंच सांगितलं, नाक त्यानं ज्याच्याकडून घेतलं तो बागलीच्या बाजूचा भंगारवाला. त्याच्याकडून ऐकलं होतं की बागलीला एका मराठी घरात अशीच एक गाडी पूर्ण उभी आहे, पण म्हातारा विकत नाही. दिनूनं सतवासच्या एका ओळखीच्याला फोन लावला. तो म्हणाला, हव, आहे, आणि आता म्हातारा विकायच्या विचारात आहे, लवकर जा भिया.

बागली

महेश्वर, बडवाह करत गेलो. महेश्वरला मी थांबायचं म्हणत होते, दिनू म्हणाला परत येऊ. असं म्हणलेलं कुणी परत येत नाही, पण चालतं. नर्मदा व्हॅनमधूनच बघून हात जोडले. मग पुढं घाट चढून साग लागला. पानं वाळायला लागलेली, मोठी मोठी, रस्त्यावर गाडीखाली पापडासारखी मोडत होती. आमच्या देवासला एवढी झाडं एका ठिकाणी दिसत नाहीत. एक गाय रस्त्यात बसली होती, तिला उठवायला दिनूला उतरावं लागलं. हॉर्नला ती ऐकत नव्हती.

रस्त्यात दिनूनं मला पढवून ठेवलं. "मावशी, गाडी आवडली तरी तोंडावर दाखवायचं नाही. आवडली दिसली की भाव चढतो. तू फक्त हात लावून बघ आणि मला डोळ्यानं सांग." मी म्हणलं, माझं तोंड पन्नास वर्षं कुणाला काही दाखवत नाही, तू तुझं सांभाळ.

घर बाजाराच्या मागं. आबासाहेब नव्वदीच्या आसपासचे, धोतर, वर कोट, काठी. त्यांचे वडील रियासतीच्या मोटारखान्यात होते. बोलणं अगदी जुनं, माझ्या आजोबांसारखं. "यावे, बसावे" म्हणाले. आधी पाणी, मग चौकशी.

"आपण देवासच्या. थोरल्या पातीच्या की धाकट्या?"

देवासला पूर्वी एका गावात दोन राज्यं होती, मधून रस्ता. आता कुणी विचारत नाही. मी म्हणलं, आमची गल्ली धाकट्या पातीची, पण आता नळाला पाणी दोन्हीकडे सारखंच येत नाही. आबासाहेब हसले. दात नव्हते, हसणं चांगलं होतं.

गाडी घरामागं चिंचेखाली उभी. हिरवा रंग उडून गेलेला, नाक लांब, पायदान रुंद, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. पुष्कळ वर्षं हलली नव्हती. चाकांभोवती गवत वाढलेलं. आबासाहेब म्हणाले, हिच्यातून शिकारीचे तंबू गेले, मग ऊस गेला, मग घरातल्या सगळ्या सुना हिच्यातूनच आल्या. शेवटची सून चहा घेऊन आली ती म्हणाली, "माझ्या वेळी घाटात बंद पडली होती. मी शालू नेसून धक्का मारलाय."

दिनू खाली गेला. नंबर बघितला, कागद बघितला, दोन्ही एक. इंजिनचं झाकण उघडून आत डोकं घातलं. त्याची पाठसुद्धा खूश दिसत होती, मला पढवणारा तो.

मग आम्ही घडवंची उतरवली, हौद्यात ठेवली. मी मागं जाऊन उभी राहिले, पदर खोचला आणि हात वर केला. पोचला. टाच न उचलता पोचला, आरामात, हात अजून वर जात होता. म्हणजे सखूचा पण पोचेल.

माझ्या कमरेला भंडाराची पिशवी होती. घरातून निघताना देवापुढची घेतली होती, प्रवासात असू दे म्हणून. ती कधी सुटली ते मला कळलं नाही. मी चिमूट घेतली आणि हौद्याच्या मागच्या फाळक्याला लावली, लांब, बोटांनी ओढून.

आबासाहेबांनी बघितलं. त्यांनी काठी चिंचेला टेकवली आणि दोन्ही हात जोडले.

"झाले," म्हणाले. "आता ही आपली."

दिनू इंजिनमधून बाहेर आला, नाकाला काळं. "मावशी, काय केलंस?"

आपल्यात बेल-भंडार उचलून दिलेला शब्द फिरत नाही. ही शपथ आहे. देणाऱ्यानं फिरवायचा नाही, घेणाऱ्यानं पण नाही. आणि मी गाडीचा भाव तोंडातून निघायच्या आधी भंडार लावून बसले. दिनूच्या मनात यादी तयार होती. ब्रेक नाहीत, दोन फळ्या सडलेल्या, वायरी उंदरांनी खाल्लेल्या, सगळं एकेक सांगून भाव खाली आणायचा. आता कोणत्या तोंडानं सांगणार? आबासाहेबांनी मनात ठरवलेला भाव सांगितला. जास्त नव्हता, कमी पण नव्हता. वर्गणीत बसत होता. दिनूनं मान हलवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे बघायला लागले.

दुपारला जेवायला बसवलं. गराडूचे कंद तळलेले, वरून जिरावणाचा मसाला आणि लिंबू. गराडू आमच्याकडे पण असतात, पण इथले खोदून आणलेले ताजे, आतून लोण्यासारखे. आबासाहेबांच्या सुनेनं वांग्याचं भरीत अगदी आपल्या घरचं केलं होतं. तिकडे बाहेर दिनूनं टायरवाला बोलावला होता, तो चाकं काढून ट्यूब जोडत होता.

जेवून उठतो तोच इंदूरचा एक माणूस आला, मोठ्या गाडीतून, काळा चष्मा. त्याचं हॉटेल. गाडी हॉटेलच्या बागेत ठेवायची होती, वर झाडं लावून. आबासाहेबांशी फोनवर आधी बोलला होता, पक्कं काही झालं नव्हतं. आता म्हणाला, यांनी दिले त्याच्या वर देतो. आणि आकडा सांगितला तो ऐकून सुनेनं पदर तोंडाला लावला.

आबासाहेबांनी फाळका दाखवला. म्हणाले, बाईंनी भंडार लावलाय.

"अंकल, हल्दी है. पोंछ दो."

"पुसायचा तर बाईंनी पुसावा. माझा हात नाही उठणार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इंदूरवाला बोलायला वाईट नव्हता. मला म्हणाला, माताजी, मी तुम्हाला नवी पिकप घेऊन देतो, हिच्या बदल्यात, नवी कोरी. मी म्हणलं, "भिया, नवीचं आम्ही दोन वर्षं बघितलं. आणि हे पुसत नसतात." सुनेनं त्याला पण गराडू दिले. खाऊन, गाडीबरोबर फोटो काढून गेला.

दिनू माझ्याजवळ आला. म्हणाला, "मावशी, तुझ्या घाईनंच वाचलो." मला पण तसंच वाटलं. त्या रात्री मी त्यांच्या पडवीत झोपले आणि छान झोप लागली.

चापडा

सकाळी गाडी चालू झाली. एकदम नाही. पोरं, टायरवाला, आबासाहेबांची सून, सगळ्यांनी धक्का दिला. सून म्हणाली, मला सवय आहे. आबासाहेब दारापर्यंत आले, गाडीच्या नाकावर हात ठेवला.

दिनूनं ब्रेक कामापुरते करून घेतले होते. हॉर्न नव्हता, तर खिडकीतून हात काढून ओरडत होता. मी शेजारी. सीटच्या स्प्रिंगा मोजता येत होत्या. व्हॅन टायरवाल्याचा भाऊ मागून घेऊन येत होता. मोटारसायकलवाले बाजूला येऊन फोन धरायचे, दिनू त्यांना सलाम ठोकायचा. इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नात पण बघितला नव्हता.

चापड्याला चहाला थांबलो. घडवंची हौद्यात बांधलेली होती. पाण्याची बाटली तिच्यावर ठेवावी म्हणून मी मागं गेले, हात वर केला.

नाही पोचला.

टाच उचलली तेव्हा बोटं लागली. खाली बघितलं. चाकं गोल, टम्म. मग कळलं. चिंचेखाली ती वर्षानुवर्षं बसक्या चाकांवर उभी होती, हवा नाही, अर्धी मातीत रुतलेली. मी माप घेतलं ते बसलेल्या गाडीचं. हवा भरली तशी ती उभी राहिली, चांगली वीतभर. दिनू इंजिन बघत होता, मी हात बघत होते, माप घेताना चाकं कुणीच बघितली नाहीत.

आणि भंडार तर लागलेला. गल्लीची वर्गणी गेलेली. इंदूरवाल्याला मी तोंडावर नाही म्हणलेलं. बाटली हातात घेऊन मी परत सीटवर येऊन बसले. दिनूला काही सांगितलं नाही. तो चहा पीत गाडीभोवती फिरत होता. देवासपर्यंत तरी खूश राहू दे. मी नवरा गेल्याचं सासूला पण सकाळ होईपर्यंत सांगितलं नव्हतं. तिची रात्र तरी झोपेत गेली.

देवास

टेकडी दिसायला लागली तसं दिनू जोरात ओरडायला लागला, हॉर्न म्हणून. गल्लीतली सगळी बाहेर आली. कुणी नाकाला हार घातला, कुणी फोटो काढले. मंडळाचा जो पोरगा नव्या पिकपसाठी भांडत होता तो पण पायदानावर उभा राहून बघत होता.

सखू काठी टेकत आली. मी म्हणलं, आज राहू दे, उद्या बघ. ती कुठं ऐकते. मागं गेली, काठी माझ्याकडे दिली, हात वर केला. हात घडवंचीच्या पायापर्यंत गेला, वरपर्यंत नाही. परत केला. मग हात खाली घेऊन पदराला पुसला, काही न लागताच.

मी दिनूला तिथंच सगळं सांगितलं, चाकांचं, चापड्याचं.

"चापड्यापासून गप्प बसलीस?"

"काय करणार होतास? हवा सोडून आणणार होतास?"

तो मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला. आत हात घालून चाचपलं. मग तिथूनच, खाली बघतच म्हणाला, "मावशी, ही उसाची गाडी. चाकावरच्या लोखंडी कमानीला पट्टे बघ किती घातलेत, टनाटनाचा माल वाहायला. आपला देव काय पोती आहे का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी गॅरेजमधे नेली. मागच्या कमानीचे जाड पट्टे काढले, हलके तेवढे ठेवले. चाकंही एक माप लहान टाकली, मागची आणि पुढची. इंजिन बंद होतं, नुसतं दिनूचं गाणं ऐकू येत होतं. मी तिथंच स्टुलावर बसून होते. गाडी एकेका पट्ट्यानं खाली येताना बघितली. बसत होती, जशी चिंचेखाली बसली होती, पण या वेळी चाकं गोल होती.

संध्याकाळी गल्लीत आणली. घडवंची ठेवली. कुणाला बोलावलं नाही, पण सगळ्या आल्या. मी आधी हात केला नाही, सखूची काठी धरली.

तिनं हात वर केला. तळवा पूर्ण घडवंचीवर टेकला, जिथं पालखी बसते तिथं. मी तिच्या पायाकडे बघितलं, टाच जमिनीला होती. तिनं तळवा तसाच ठेवला, थोडा दाबला, इकडून तिकडे हलवून बघितला. आम्ही सगळ्या वाट बघत होतो ती काय म्हणते.

"हलते आहे," सखू म्हणाली. "खाली पाचर मारून घ्या."

दिनू लाकडाचा तुकडा शोधायला गेला. मी तिच्या हाताशेजारी माझा हात ठेवला, आणि घडवंची खरंच हलत होती.